डोहातले गोटे

कुलदीपच्या बायकोला सातवा महिना लागला, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस, महिना मे.

दुसरबीडच्या अलीकडे, खडकपूर्णेच्या काठावरच्या एका गावात ती घडली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरात आज लहान लेकरू आहे. बाकी यात मिठाएवढंही खोटं नाही. ज्यांनी पाहिलं ते सगळे अजून जिवंत आहेत.

एक सोडून.

छाया डोणगावची लेक. कुलदीपशी लग्न होऊन तिला तीन वर्षं झाली होती. पहिल्या खेपेला लेकरू पोटातच गेलं. त्यामुळे या वेळी सगळ्या घराचा जीव तिच्या पोटात अडकला होता. सासूबाई, पुष्पाबाई, तिला भरली घागर उचलू देत नव्हत्या. सासरे हिंमतराव बोलायचे कमी, पण शेतातून येताना रोज काहीतरी खायला आणायचे.

डोहाळजेवण घरीच करायचं ठरलं. छायानं फोनवर एक सजावट पाहिली होती. दुकानातलं काहीच नको, सगळं रानातलं. नणंद डिंपल तिच्या हाताशी होती. दोघींनी बैठकीच्या कोपऱ्यात बाभळीची वाळली फांदी उभी केली. तिला सुगरणीची घरटी टांगली. कवठाच्या करवंट्यांत दिवे लावायचं ठरवलं. दाराला पळसाच्या पानांचं तोरण केलं.

पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"लोकं घरातला केर बाहेर टाकतात. आमची सून रानातला केर वेचून घरात आणून राह्यली."

"आई, याले सजावट म्हणतात," डिंपल म्हणाली.

"असं का? मंग तुह्या बापालेही उभं कर त्या फांदीजवळ. तोही रानातच वाळला."

तिघी पोट धरून हसल्या. ओसरीवर बसलेल्या हिंमतरावांनी मान वर केली नाही.

राहिला होता काचेचा मोठा वाडगा. त्यात पाणी, अन् पाण्यात नदीचे गुळगुळीत गोटे. त्यासाठी दोघी ऊन चढता चढता नदीत गेल्या. डोह त्या वर्षी पार तळाला गेला होता. एरवी जिथं दोन पुरुष पाणी असतं, तिथं दगड उघडे पडले होते.

डिंपलनं एक काळा गोटा उचलला. तळहातात नेमका बसेल एवढा. पोटाभोवती चुन्यासारखी पांढरी रेघ.

"वहिनी, हा पाह्य ना... किती थंड हाय."

उन्हानं बाकीचे दगड हात ठेवू देत नव्हते.

छायाला तो फार आवडला. तिनं तो वाडग्यात सगळ्यात खाली ठेवला, म्हणजे पाण्यातून रेघ दिसेल.

त्या दुपारी ती बाजेवर आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच आवाज आला.

टक...

खापरावर दगड मारल्यासारखा. एकदाच.

ती उठून बसली. घरात कोणी नव्हतं. सैपाकघरातल्या माठाला पोटावर गोल भोक पडलं होतं. पाण्याची बारीक धार लागली होती. खाली खापरीचा एक तुकडा नव्हता.

अन् तिच्या बाजेभोवती...

फरशीवर पाण्याची रेघ होती. माठापासून आलेली, बाजेला पूर्ण वळसा घातलेली. एक फेरा. पावलं कुठंच नव्हती.

"मांजरीनं पाडलं असंल," पुष्पाबाई म्हणाल्या. पण माठ पडला नव्हता. जागेवरच उभा होता.

वाडग्यात काळा गोटा सगळ्यात वर आला होता.

छायानं तो परत तळाशी घातला. डिंपलनं केलं असेल, असं तिनं मनाला समजावलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा...

टक.

या वेळी अंगणातला रांजण. तसंच गोल भोक, तशीच धार. धारेखाली घरची मांजर पडली होती. रांजणाच्या सावलीत ती रोज झोपायची. तिचं डोकं आत गेलं होतं. गोल. जसं कोणी पिकल्या कवठात अंगठा रोवावा. एक डोळा बाहेर येऊन मातीत लोळत होता.

डिंपल किंचाळून आत पळाली, अन् दारातच थांबली.

बाजेभोवती पाण्याचा दुसरा फेरा होता. पहिल्याच्या आतून. बाजेच्या जवळ सरकलेला.

तिसऱ्या दिवशी डोहाळजेवण. कुलदीप सकाळीच छायाच्या माहेरच्यांना आणायला डोणगावला गेला. झोपाळा बांधायला घरात दुसरा पुरुष माणूस नव्हता, म्हणून हिंमतराव दोर घेऊन बैठकीत आले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

त्यांची नजर वाडग्यावर गेली. दोर हातातून गळाला.

"हा कोनं आणला?"

"मी, मामाजी. डोहातून. काऊन?"

हिंमतराव वाडग्यासमोर खाली बसले.

"हा जीवखडा हाय, बाई. दादाचा."

पुष्पाबाईंचा हात तोंडाशी गेला. जीवखड्याचं नाव त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. पण बाया मसणात जात नाहीत. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला ते पुरुष, अन् पुरुष घरातली सजावट पाहत नाहीत. म्हणून तो तीन दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता.

हिंमतरावांचा थोरला भाऊ पंजाबराव. बारा-तेरा वर्षांमागं धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, भांडणात त्यांचं डोकं फुटलं. दगडानं. कोणी फोडलं ते कधीच उघड झालं नाही. त्यांच्याजवळ पहिले पोचले ते हिंमतराव. पंजाबरावांना पोरगं नव्हतं, म्हणून मडकंही हिंमतरावांनीच धरलं.

"पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन सरणाले फेरे घालतात," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एका फेऱ्याले एक भोक. मागचा माणूस ह्या खड्यानं पाडते. तीन फेरे झाले की मडकं मागं टाकून फोडतात. दहाव्यापर्यंत माणसाचा जीव ह्याच्यात राह्यते. मंग डोहात सोडतात. मीच सोडला होता, ह्या हातानं."



"दोन फेरे झाले," डिंपल हळूच म्हणाली.

सगळ्यांची नजर छायाच्या पोटाकडे गेली.

छायानं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. आत लेकरानं लाथ मारली.

हिंमतराव उठले. फुटल्या माठाच्या जागी आणलेलं नवं मडकं त्यांनी काठोकाठ भरलं. गोटा वाडग्यातून काढला, शेल्यात गाठ मारून बांधला. बांधताना त्याच्याशीच बोलल्यासारखे पुटपुटले.

"दादा, त्या लेकरानं तुह्यं काय केलं? मी हाय ना."

"मी येते संगं," पुष्पाबाई म्हणाल्या.

"बायांनी येऊ नाही. तुम्ही गाणे म्हना. तिले एकटी सोडू नका."

मडकं खांद्यावर घेऊन ते भर उन्हात नदीकडे निघाले. त्यांना जाताना पाहिलं ते एवढंच.

बाया जमल्या. छायाला हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवलं. गाणी सुरू झाली. तिचं ध्यान फरशीवर होतं. फरशी कोरडी होती.

एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात...

टक.

घरातून नाही. लांबून.

छायानं डोळे मिटले, पोट दाबून धरलं. काही झालं नाही. फरशी कोरडीच.

मग नदीकडून बोंब ऐकू आली. मडकं फुटल्यावर मसणात मारतात तशी, तोंडावर हात मारून. एकाच माणसाची. गाणाऱ्या सगळ्या बायांनी ती ऐकली.

पहिले पोचले शेजारचे किसनराव. हिंमतराव कोरड्या डोहात पालथे पडले होते. डोक्याच्या मागं गोल भोक होतं, कवटीच्या आतपर्यंत. मेंदू दिसत होता. रक्ताची धार खडकावरून उताराला जायला पाहिजे होती. ती गेली नव्हती. ती त्यांच्या अंगाभोवती गोल फिरली होती. एक पूर्ण फेरा.

मडकं त्यांच्या उशाशी उभं होतं. काठोकाठ भरलेलं. त्याला एक ओरखडा नव्हता.

शेल्याची गाठ जशीच्या तशी होती. आत काही नव्हतं.

पाय घसरला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. कुलदीपनं बापाला अग्नी दिला. मडकं त्याच्या खांद्यावर, मागं किसनराव. भोक पाडायला किसनरावांनी खाली वाकून दगड उचलला, अन् त्यांचा चेहरा उतरला.

काळा. पांढऱ्या रेघेचा.

त्यांनी तो लांब फेकला. चार पावलं सरकून, न बघता दुसरा उचलला.

तोच होता.

फेरे थांबवता येत नाहीत. त्याच दगडानं तीन भोकं पडली. दहाव्याला कुलदीपनं तो डोहात सोडला नाही. मोटारसायकलवर लांब जाऊन धरणाच्या खोल पाण्यात टाकला.

ऑगस्टमध्ये छायाला पोरगा झाला. नाव प्रेम. लेकरू धडधाकट आहे. त्या घरात आता रानातलं पानही येत नाही. दाराला तोरण नाही, भिंतीवर पीस नाही. प्यायचं पाणी स्टीलच्या पिंपात असतं.

पण लेकरू ते लेकरूच. अंगणातून येताना प्रेम मुठीत काहीतरी घेऊनच येतो. छाया हातातलं काम टाकून त्याची मूठ उघडते. कधी चिंचोका निघतो, कधी खडा. रेघ आहे का, ते ती उजेडात धरून पाहते. अजून तरी निघाली नाही.

उन्हाळा लागला की पुष्पाबाई रोज एकच विचारतात, "धरनाचं पानी किती उतरलं?"

पंजाबराव दोन हजार दहा साली, पेरणीच्या तोंडावर, धुऱ्यावर गेले. हिंमतराव दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, सुनेच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, भर दुपारी, डोहात गेले.