भैयाजीचा अर्धा डाव

वामनराव चामोर्शीले गेला होता, एक मशीन आणाले. मेलेल्या दोस्ताची आठवण म्हणून, दुसरं काई नाई. आपल्याच लाइनीतला वामनराव, ऊर्जानगरच्या क्वार्टरात एकटा राहते तो. प्रफुल, मोबाईल ठेव आधी. मी थकलो आहो, दोनदा सांगणार नाई.

दोस्त म्हणजे भैयाजी. दोघं पॉवर स्टेशनच्या एकाच कंट्रोल रूमात. तिथला कायदा एकच, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याबिगर खुर्ची सोडाची नाई. भैयाजीले बुद्धिबळाचा नाद. लाकडी पट, हाडाचे मोहरे, बुद्धिबळ खेळणाऱ्या जुन्या मशिनी. भंगारातून आणे अन् दुरुस्त करत बसे. रिटायर होऊन चामोर्शीले गेला तं घरातली एक खोली ह्याच पसाऱ्यानं भरली. त्याची बायको कांताबाई म्हणे, सवतीले तरी एक खाट पुरली असती.

वामनराव सुटीच्या दिवशी तिकडं जाय. एका मशिनीवर दोघं खेळत. ज्याची चाल, त्याच्या बाजूचा लाल दिवा लागे. शेवटच्या वेळी वामनरावाची चाल होती. तो म्हणाला, थकलो गा, पुढच्या वेळी खेळू.

"मी बसलोच आहो," भैयाजी म्हणाला. "तू आल्याबिगर उठत नाई."

पोळ्याच्या आधी भैयाजी गेला.

मोहऱ्यांच्या बुडाले खिळी, पटाच्या भोकात बसणारी, म्हणून त्या मशिनीवरचा अर्धा डाव तसाच थैलीतून क्वार्टरात आला. वामनरावानं मशीन टेबलावर मांडलं, सेल काढून खिडकीत ठेवले. पाझरले तं मशीन खराब होते, हे भैयाजीनंच शिकवलेलं.

सतरा डिसेंबर, बुधवार. रात्री अकराच्या शिफ्टची बस गेली. तो आडवा झाला.

दिवा लागला.

त्याच्या बाजूचा.

सेल खिडकीतच...

टेबलापल्याडची खुर्ची करकरली. मंग श्वास. दमलेल्या माणसाचा...

वामनराव घाबरला, पण त्याहून जास्त त्याले वाईट वाटलं. इतके महिने बसून राह्यला बिचारा. तो उठला. डाव तसाही हरलेलाच होता. त्यानं आपला काळा राजा उपटला, आडवा ठेवला.

"आलो गा, भैयाजी. ड्यूटी घेतली. तू जाय."

...

दिवा विझला. वामनराव पोरासारखा रडला अन् झोपला.

सकाळी पाहते तं नवा डाव मांडलेला. पांढऱ्याचं एक प्यादं दोन घरं पुढं. दिवा पुन्हा त्याच्याच बाजूचा.

ड्यूटी घेतली म्हणाला ना.

तेव्हापासून तो रात्रभर टेबलाशीच बसते. काल मी भेटाले गेलो. डोळे पार खोल गेलेले. म्हणे, "रिलीव्हर आल्याबिगर उठता येत नाई गा. तू बस थोडा."

मी म्हटलं, थकलो, उद्या येतो.

बोलून गेलो...

घरी येऊन सदरा काढला, तं खिशात हे होतं. मी पटाले हातही लावला नव्हता. धर प्रफुल, उजेडात पाह्य.

काळं प्यादं. बुडाले खिळी आहे.