सहा चमचे आणि एक झडप

"आजोबा, थांबा! अडगळीत नका टाकू!" भिंग ओरडली. आजोबा हातभर लांबीचं वाफेचं इंजिन घेऊन खोक्याकडे निघाले होते.

सगळ्यात नाक खुपसते म्हणून घरात तिला भिंग म्हणत. आजोबांनी आयुष्यभर खरी इंजिनं चालवली आणि निवृत्तीनंतर त्यांच्या प्रतिकृती घडवल्या. या इंजिनाला आठ महिने लागले होते. पाच वाजता संग्रहालयाची गाडी ते न्यायला येणार होती. आणि चकाकीसाठी वरून पारदर्शक लॅकर फवारलं, तर काळंभोर इंजिन पांढुरकं पडलं! एकदा नाही, दोनदा!

"नऊ वाजता चमच्यावर फवारून बघितलं, तेव्हा लॅकर झकास होतं. म्हणजे माझे हातच गेले आता," आजोबा म्हणाले. त्यांनी ब्रश कापडात गुंडाळून घट्ट गाठ मारली.

"हात थरथरला तर ओघळ येतील," ती आतेभावाच्या, लंबूच्या कानात कुजबुजली. "पांढरं पडतं ते दमट हवेने. आजोबांनीच शिकवलंय!"

"बाहेर रणरणतं ऊन आहे, बाईसाहेब!"

"आणि आत? नऊनंतर काय सुरू होतं?"

दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. पलीकडे काकांची लाँड्री. दहा वाजले की वाफेची इस्त्री सुरू! भिंतीत एक लाकडी झडप होती, आणि फवारणी चालू असताना ती उघडायची नाही, असं काकांना शंभरदा बजावलेलं होतं.

"झडप? छे! मी हातसुद्धा लावत नाही!" भिंगने विचारताच काका पलीकडून गुरगुरले.

मग काय, पुरावाच हवा! तोंडाला मास्क बांधून भिंगने सहा काळ्या प्लास्टिकच्या चमच्यांवर लॅकर फवारलं. तीन खिडकीत ठेवले, तीन लंबूने दोऱ्याने झडपेला टांगले. दोघं टेबलाखाली दबा धरून बसले. पावणेचार झाले. लंबूला शिंक येत होती. भिंगने त्याचं नाक दाबून धरलं.

खडखड खडखड! चमचे नाचले, वाफेचा लोट आला आणि त्यातून काकांचं घामेजलं तोंड!

"सापडलात!" लंबू उडी मारून उठला.

"अरे, गुदमरतो मी इथे! जराशी फट उघडली तर काय बिघडलं?"

भिंगने चमचे त्यांच्यापुढे धरले. खिडकीतले चकचकीत, झडपेजवळचे पांढरे. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, हात तुमचे नाही गेले," ते आजोबांकडे वळून हळूच म्हणाले. "अक्कल माझी गेली होती." त्यांनी मशीन बंद करून टाकलं.

चार वाजले! लॅकर पातळ करायच्या नुसत्या थिनरचा हलका फवारा दिला तर अडकलेला दमटपणा निघून जातो. भिंगने आधी पांढऱ्या चमच्यावर फवारलं. तो उजळला!

"इंजिनावर तूच मार," आजोबा म्हणाले.

"मुळीच नाही! तुमचंच इंजिन आहे ते!"

आजोबांनी श्वास रोखला. हात सरळ रेषेत फिरला. धुरकटपणा विरत गेला आणि काळा रंग लखलखला. भिंगला रडूच फुटलं.

पाचच्या ठोक्याला गाडी आली. "काय सुरेख काम आहे!" संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या.

"काम माझं, पण बिघाड शोधला या दोघांनी. पक्के कारागीर आहेत!" आजोबा म्हणाले. गाडी वळण्याआधीच ते कामाच्या खोलीत परतले होते. "माझे ब्रश कोणी बांधून ठेवलेत?"

"तुम्हीच!"

"मग बघताय काय? सोडा की!"

गाठ जाम सुटेना. शेवटी भिंगने ती दातांनी सोडवली.