हळदीची फाइल

मोरवण्याच्या बंदरात हल्ली होडी काढायच्या आधी कोणी पाणी बघत नाही, तळनकाशा बघतात. खाडीच्या तोंडाशी सोडलेले तरंगते भोपळे रात्रभर आवाज सोडून वाळूचा बांध कुठे सरकला ते मोजतात. शहरातल्या ऑफिसात त्याचा नकाशा बनतो आणि पहाटे प्रत्येक होडीतल्या स्क्रीनच्या काचेवर येतो. फाइल आठ जीबीची. नाव रोज तेच, 'तळ'.

होड्या चाळीस आणि नेटची लाइन एक. म्हणून मच्छीमार सोसायटीच्या खोलीत साठापेटी होती. पहिल्या होडीने मागवलेली फाइल ती जवळ ठेवायची आणि बाकीच्यांना तीच द्यायची. फक्त दर वेळी शहराला विचारायची, बदललंय का? बदललं असेल तर नवीन आणायची. ही पेटी प्रणोती सांभाळायची.

एप्रिलात जोमा तांडेलांच्या नातीचं लग्न झालं. हळदीचं शूटिंग असं होतं, की चष्मा घातला की माणूस थेट मांडवात. चौदा जीबी. पेटी दहाच्या वरचं काही ठेवतच नव्हती. अख्खी आळी प्रणोतीच्या दारात.

"काय गो, ही पेटी हाय का खुराडा?" हिरामावशी म्हणाली. "माझी कोंबडी याच्यापेक्षा जास्त सांभाळते."

सगळे हसले. प्रणोतीचं डोकं फिरलं. तिने मर्यादा वीस जीबी केली. तरी लाइन रडकी, 'बदललंय का'चं उत्तर येईपर्यंत चित्र अडकायचं. मग तिने रागारागात एक ओळ टाकली: पाच जीबीच्या वरचं काहीही पंधरा दिवस जवळ ठेव, विचारू नको. हळद थोडीच बदलणार होती?

हळद न अडकता पळाली. हिरामावशीने स्वतःला नाचताना बघितलं आणि प्रणोतीला सुरमई आणून दिली.

चौथ्या दिवशी ओहोटीला जोमाकाकांची होडी सगळ्यांच्या आधी निघाली आणि वाळूवर चढली. फळी फुटली. पुतण्याचा हात मोडला. मागचे थांबले म्हणून वाचले.

वर्षभरात नकाशा एकदाही चुकला नव्हता. म्हणजे काकाच चुकले, असं बंदराने ठरवलं.

प्रणोतीने पेटीची नोंद उघडली. 'तळ'च्या पुढे चारही दिवस एकच शब्द होता, साठ्यातून. हळदीसाठी टाकलेल्या ओळीने नकाशाही धरून ठेवला होता. तिने ओळ पुसली आणि कोणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ताजा नकाशा आला आणि सगळ्यांच्या काचेवरचा जुना पुसला गेला. होडी आपटली तिथेच बांध, लालभडक.

"हे बघा," जेट्टीवर कोणीतरी काच दाखवत म्हणालं, "एवढा लाल दिसतोय. म्हाताऱ्याला दिसला नाय."

प्रणोती तिथेच उभी होती. तिला मान वर करता येईना.

काकांनी सुकाणू मुलाकडे दिलं. ते घराच्या मागे जाळं विणत बसायला लागले. कोणी आलं की तोंड फिरवायचे. आठ दिवस तिने लांबून बघितलं. नवव्या दिवशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"काका, तुमच्या काचेवरचा नकाशा चार दिवस जुना होता. माझ्यामुळे. हळदीसाठी मी पेटीला सांगितलं, विचारू नको. आणि कळल्यावर गप्प बसले."

काकांची सुई थांबली.

"पाणी पिवळट दिसलं होतं मला," ते हळू म्हणाले. "खाली बांध असला की तसंच दिसतं. काचेवर खोल लिवलेलं. म्हटलं, आपले डोळे गेले. रोज एक डोळा झाकून बघतोय."

"डोळे बरोबर होते काका."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"संध्याकाळी सोसायटीत सगळ्यांसमोर सांगते," ती म्हणाली.

"सांग. हात पुतण्याचा मोडलाय, त्याला आधी सांग." त्यांनी जाळं बाजूला सारलं आणि खाडीकडे बघितलं. "पण मला एक सांग गो. उद्या काच येक म्हणाली आणि पाणी दुसरं, तर कोणाचं ऐकू?"