गोड बोलणारा कंठसेतू

वाणी प्रयोगशाळेत नीलव्वा शिरली ती भांडायच्या तयारीनं. मागून तिचा नवरा गुरुपाद आला, गळ्याला कंठसेतू बांधलेला. कर्करोगात स्वरयंत्र काढल्यापासून तोच त्याचा आवाज होता.

"यंत्र बिघडलंय."

डॉ. रेवती म्हेत्रेनं तपासलं. "आजी, उत्तम चाललंय."

"उत्तम? हा माणूस जन्मभर माझ्या आमटीला नावं ठेवत आला. आता म्हणतो, झकास झालीय. माझ्या भावाला देवमाणूस म्हणतो! त्या लबाडाला!"

"हिच्यासारखी काळजी करणारं कुणी नाही," कंठसेतू मधाळ आवाजात म्हणाला.

"ऐकलंस? माणूस असा निवळतो कधी? जायची वेळ आली की. सासऱ्यांचं असंच झालं होतं. खरं सांग पोरी, ह्यांचं दुखणं उलटलंय का?"

"नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. यंत्र बसवताना आत काय चालतं ते मी सांगत होते, तर तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले, दळण टाकणारा गिरणी उघडून बघत नाही. बरोबरच म्हणाले. पण पीठ कडू लागलं की गिरणीवाल्याला विचारतोच ना? सांग आता."

"गळ्याचे स्नायू हलतात, पण खूण पुसट असते. एकाच हालचालीतून तीन-चार वाक्यं निघू शकतात. त्यातलं एक यंत्रातला अंदाजक निवडतो. निवड बरोबर की चूक, हे तो ऐकणाऱ्याकडून शिकतो. ऐकणारा हसला, बरोबर. ओरडला, चूक. तसलं वाक्य पुन्हा काढत नाही."

नीलव्वाला उमगलं. "ह्यांच्याशी बोलतं कोण? मीच. आणि मी तर 'जेवायला चला'सुद्धा ओरडूनच सांगते."

"म्हणून तुम्ही ज्यावर ओरडाल ते सगळं त्यानं टाकून दिलं."

"आमच्यात ओरडणं म्हणजे नापसंती नव्हे, बाई! शिकव त्याला. ओरडले की बरोबर."

"मग तो नुसती भांडणंच काढेल. तेही यांचं बोलणं नसेल. अंदाजक बंद करता येतो. पण मग स्पष्ट उमटलेला शब्दच येईल. एकेक, खरखरीत."

"कर बंद."

"यांना विचारू या," रेवती म्हणाली. मग तिच्याच ध्यानात आलं, विचारायचं तरी आधी तो बंद करायला हवा. तिनं केला.

खरखर झाली.

"पुन्हा... लाव."

नीलव्वाचा चेहरा उतरला. "म्हणजे आपल्या गळ्यातून भलतंच निघतंय, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"कान... शाबूत... आहेत." गुरुपादला घाम फुटला होता. "तू... हसत... होतीस."

"हसत नव्हते हो!" तिचा आवाज फाटला. "तुम्ही निघालात असं वाटायचं. जाताना माझं रडकं तोंड दिसू नये, म्हणून हसून दाखवत होते."

भीतीनं आणलेलं हसू यंत्रानं पसंती म्हणून धरलं होतं. गुरुपादनंही.

अंदाजक पुन्हा लावायला रेवतीचा हात बटणाकडे गेला.

"हात लावू नकोस!" नीलव्वा एवढ्यानं ओरडली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "एका शब्दाला दुपार लागली तरी बसते मी. पण बोलायचं ते स्वतःचं बोला!"

गुरुपादनं तिच्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ नुसतीच खरखर.

"हळू... घसा... जाईल. घरात... एकच... यंत्र... पुरे."