वळसंगहून आलेली कार्डं

मी ऋतुजा. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या दुपारी मी त्या घरात होते. खोटं वाटलं तर वाटू द्या.

२०२४ चा मे महिना. सोलापूर, भवानी पेठ. मुकुंदकाकांचं घर. काका म्हणजे माझ्या वैजयंतीमावशीचे यजमान. कचेरीत कारकून होते, आता रिटायर.

त्यांना एकच नाद. जुनी पोस्टकार्डं जमवायचा. एकेक कार्ड काढायचे आणि त्याची आठवण सांगायचे. मी सुट्टीत गेले की तासन् तास ऐकायची.

त्या सोमवारी त्यांनी एक अल्बम काढला, जो मी कधी पाहिला नव्हता.

सगळी कार्डं एकाच हाताची. त्यांची धाकटी बहीण, रुक्मिणी. सोलापूरजवळच्या वळसंग गावात दिलेली. लग्नानंतर वर्षाच्या आत विहिरीत गेली.

मी एक वाचलं.

"दादा, हे लोक मला मारतात. बाबांना सांग. मला घेऊन जा."

दुसऱ्यातही तेच.

तिसऱ्यातही...

"तुम्ही गेला नाहीत?"

"बाबांना मोतीबिंदू होता. कार्डं मीच वाचून दाखवायचो. सुखरूप आहे म्हणायचो." काका शांतपणे चहा पीत होते. "माझं लग्न ठरलेलं की. ती परत आली असती तर सोयरीक मोडली असती."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. संसाराच्या त्रेचाळीस वर्षांत तिनं हे पहिल्यांदा ऐकलं.

ती आत वळली.

मंगळवारी दुपारी दाराखालून एक कार्ड आत सरकलं...

पिवळं. ओलं. पोस्टाचा शिक्का नाही. अक्षर रुक्मिणीचं.

"दादा, मी निघालेय."

काका हसले. "चेष्टा करतंय कुणीतरी." कार्ड वाळवलं आणि अल्बमात लावलं.

बुधवारी दुसरं आलं.

"कुंभारीपर्यंत आले. चालत येतेय."

कुंभारी म्हणजे वळसंगहून सोलापूरच्या वाटेवर. या वेळी काका हसले नाहीत.

गुरुवारी ऊन रणरणत होतं. नळाला चार दिवस पाणी नव्हतं. शेजारचे यंत्रमाग नेहमीसारखे खडखडत होते.

तीनच्या सुमारास ते थांबले.

सगळे. एकदम.

मग दाराबाहेर... टप... टप... टप...

कडी वाजली.

"दादा."

कोवळा आवाज. विशीच्या आतला.

काका भिंतीला टेकले. मावशीकडं बघून हळूच म्हणाले, "तू उघड."

"तुम्हाला बोलावतेय ती," मावशी म्हणाली.

"तुझं तिच्याशी काय वाकडं आहे? तुला काही करणार नाही. उघड."

मी मावशीचा हात घट्ट धरला. तिनं तो सोडवला.

"किती लांबून आलीय," ती म्हणाली. "उन्हात उभी आहे बिचारी."

तिनं कडी काढली...

बाहेर कुणी नव्हतं. उंबरा तेवढा ओला होता. माग पुन्हा सुरू झाले.

"कुणी नाही," म्हणत मावशी वळली. आणि तिला खोकला आला.

तोंडातून पाणी आलं. हिरवट. शेवाळाच्या वासाचं. ती मला काहीतरी सांगू बघत होती. पाणी थांबतच नव्हतं. मी तिची पाठ चोळत होते, शेजाऱ्यांना हाका मारत होते. काका भिंतीपासून हलले नाहीत.

रिक्षा येईपर्यंत ती गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठं बुडाल्या ह्या?"

मी काय सांगणार? घरात बादलीभरसुद्धा पाणी नव्हतं.

काकांना काहीच झालं नाही. रुक्मिणीनं त्यांना सोडून मावशीलाच का नेलं, मला माहीत नाही. मावशीनं तिचं काय बिघडवलं होतं?

महिन्याभरानं काकांचा फोन आला.

"ऋतुजा, अजून एक कार्ड आलंय."

"कुणाचं?"

"अक्षर तुझ्या मावशीचं आहे," काका म्हणाले.

"तू राहायला ये की. दुपारी कुणी आलं, तर दार उघडायला हितं कुणी नाही."

मी फोन ठेवला. नंतर कधी उचलला नाही. तरी ते रोज करायचे. दुपारी, तीनच्या आसपास.

कालपर्यंत वाजायचा.

आज... वाजलेला नाही.