अंगठ्याएवढी जागा

दुकानात टाल्कम पावडरचा एकच डबा उरला होता आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक तिचा. दुसरा एका किडकिडीत तरुणाचा, नखांत काळं ऑइल मुरलेला.

"आईला हवाय, घामोळ्यांसाठी," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला? नटायला?"

"गिअरबॉक्सला," तो गंभीरपणे म्हणाला.

ती हसली... कितीतरी दिवसांनी. वडील गेल्यापासून त्यांची धुलाईची व्हॅन तीच चालवत होती. इस्पितळाच्या, वसतिगृहांच्या चादरी न्यायच्या, धुऊन पोचवायच्या. पण गाडीखाली ऑइल गळायला लागलं. दोन गॅरेजं झाली, दोनदा ऑइल अडवणारं रबरी सील बदललं, तरी पहिले पाढे पंचावन्न. शेवटी दादाने गाडीला गिऱ्हाईक पाहिलं. ते शनिवारी सकाळी येणार होतं, आणि आज मंगळवार होता. गाडी गेली की तिचं कामही जाणार होतं.

बाहेर येताच तो व्हॅनमागे उकिडवा बसला, जमिनीवरचा थेंब बोटावर घेऊन त्याने हुंगला.

"इंजिनचं ऑइल नाही. हा उग्र वास गिअरबॉक्सचा."

"नाक आहे की तपासनीस?"

"दोन्ही. डबा मला दिलात, तर गळती कुठून ते दाखवतो."

त्याच्या गॅरेजात त्याला सगळे पावडरवाला म्हणत. गिअरबॉक्स त्याने रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि पावडर मारून पांढराफेक केला. ऑइल वाऱ्याने पसरतं, मग लोक जे ओलं दिसेल ते बदलत सुटतात, असं त्याचं म्हणणं. पावडरीवर मात्र ओघळ जिथून निघाला तिथूनच दिसतो. मग ती गाडी चालवायला बसली आणि तो शेजारी, मांडीवर डबा घेऊन.

"गिअर फार हळुवार टाकता," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"बाबा म्हणायचे, गिअर ढकलायचा नसतो, बोलवायचा असतो."

 तो आता रस्ता बघायचा सोडून तिच्या हाताकडे बघत होता, हे तिला न बघताही कळलं.

ओघळ मागच्या सीलपासून निघाला होता. बुधवारी त्याने नवं सील घातलं. गुरुवारी ते ओलं झालं, आणि पुढचं सीलही. तो जमिनीवर बसला आणि आपल्याला कळत नाहीये, असं त्याने सरळ कबूल केलं. आधीच्या दोघांनी हे कधी म्हटलं नव्हतं. तिला तो आवडला असेल तर त्या क्षणी. पण शनिवार काही थांबणार नव्हता.

"उद्या घाटात नेऊ," ती म्हणाली. "सपाटीवर फारशी गळत नाही ती. चढ चढून तापली की गळते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्या दोघांनी विचारलं नाही. तुम्हीही नाही."

शुक्रवारी घाट चढून आल्यावर त्याने ऑइल भरायचा नट सैल केला, तशी आतून फुस्सकन हवा सुटली. त्याचा चेहरा उजळला. तापलेली हवा बाहेर पडायला गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक बारीक टोपी असते. तीच बुजली होती, म्हणून आतली हवा ऑइलला सीलमधून रेटत होती. त्याने चाचपलं. बोटाला टोपी लागलीच नाही, लागला रंगाचा घट्ट गोळा.

तीही गाडीखाली सरकली आणि त्या गोळ्यावरून तिने बोट फिरवलं.

गंज लागू नये म्हणून बाबा दरवर्षी गाडीला खालून काळा रंग द्यायचे. ती डबा धरायची. रंगवून झालं की त्यांचा डावा अंगठा काळाकुट्ट असायचा, आणि ती त्यांना अंगठाबहाद्दर म्हणून चिडवायची. ते नुसते हसायचे. बाबा त्या टोपीवर अंगठा धरून रंगवत होते... आणि यंदा तिने एकटीने, मायेने, दोन हात दिले होते. तसूभर जागा सोडली नव्हती.

"मीच केलं हे," ती म्हणाली.  त्याने स्वच्छ फडकं पुढे केलं. तिने डोळे पुसले, केसांतला आकडा काढला आणि टोपी स्वतः खरवडून मोकळी केली.

शनिवारी पहाटेच तिने भरली गाडी घाटातून फिरवून आणली, दारात लावली आणि खाली पांढरीशुभ्र चादर अंथरली. गिऱ्हाईक आलं, दादा आला. तासभर सगळे त्या चादरीकडे बघत बसले. एक थेंब नाही. शेवटी दादाने वाकून स्वतः चादरीची घडी घातली.

"ही परत धुवायला नको," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावलं.

पावडरवाला फाटकाशी उभा होता. आईसाठी नवा डबा घेऊन.

"आता तुमचं येणं संपलं," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी रंग द्यायचा असेल ना?"

"देईन की. एकटीच."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. "एकटीला कसं जमेल... तू रंग दे. अंगठा मी ठेवतो."

ती लाजली नाही. सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "एकच वर्ष?"

"गाडी टिकेल तोवर."

"आणि मोडीत गेली की?"

"दुसरी घेऊ. तिलाही गिअरबॉक्स असेलच."

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली; तिसरी गाडी चालू आहे. अजूनही वर्षातून एकदा त्या दारात गाडीखालून चार पावलं बाहेर आलेली दिसतात, आणि पुढे आठवडाभर पावडरवाल्याचा डावा अंगठा काळा असतो. लोक हसतात. रॉकेलने तो सहज निघेल, हे त्याला ठाऊक आहे. तो काढत नाही.