टिबेट्सांचं तळघर

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते. माझा भाऊ तिथे होता. आमची पिकअप दुसऱ्याच्या गव्हात उलटी पडलेली अर्ध्या गावाने पाहिली आहे.

बाकीचं मात्र आम्ही दोघांनीच पाहिलं... त्यामुळे विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मे महिना सरत आला होता. पश्चिम कॅन्ससमधलं आमचं मार्लो बेंड. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, पण आभाळ हिरवट पडलं होतं. हा रंग ज्याने एकदा पाहिलाय, त्याला टोर्नेडो येणार हे सांगावं लागत नाही.

माझं नाव ल्युएला. अर्लन माझा मोठा भाऊ. ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवतो, पण एप्रिल उजाडला की त्याच्या अंगात यायचं. काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, वायरलेस त्याच्या गाडीत असायचा. कुठला ढग खाली लोंबतोय, कुठला फिरायला लागलाय, ते बघायचं आणि कळवायचं. त्याने कळवलं की गावात भोंगा वाजायचा आणि लोक तळघरात पळायचे. पगार काही नाही. मान मात्र मोठा.

आणि गळ्यात कॅमेरा. ते वेड वेगळंच होतं.

त्या वर्षी मात्र तो एकटा गाडीत बसेना.

"तू चल माझ्याबरोबर," म्हणाला.

"मी? अरे, पत्र्यावर चार गारा पडल्या तरी मी पलंगाखाली शिरते."

"तू फक्त गाडी चालव. ढगांकडे मी बघतो."

"ज्युडिथला ने की. बायको आहे तुझी."

"ती म्हणते, ढगांशीच लग्न करायचं होतंस."

मी हसले. तो हसला नाही.

तो एकटा का जात नाही, ते मला ठाऊक होतं. हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं होतं. कॉफी तशीच गार झाली होती.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात असाच एक टोर्नेडो टिबेट्सांच्या शेतावरून गेला होता. ओरिन टिबेट्स आणि थेल्मा टिबेट्स, म्हातारं जोडपं. थेल्मामावशीने आम्हा दोघांना लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. तिच्या हातचं, शेपू घालून सिरक्यात मुरवलेलं काकडीचं लोणचं आम्ही बरणीतून चोरून खायचो. तिला कळायचं. ती काही बोलायची नाही.

अर्लन त्या टोर्नेडोच्या मागे होता. टिबेट्सांच्या फाटकापाशी पोचला तेव्हा घर नव्हतं. नुसता चौथरा. अंगणातलं मोठं झाड आडवं पडलेलं. त्यांची गाडीही दिसेना.

त्याने इंजिन बंद केलं.

आणि त्याला आवाज आला...

ठक. ठक ठक.

"पत्रा वाटला गं मला," तो सांगत होता. "पवनचक्कीचा सुटलेला पत्रा वाऱ्याने आपटतोय, असं वाटलं."

"मग?"

"पुढे त्या टोर्नेडोची सोंड उन्हात पांढरीशुभ्र दिसत होती, ल्युएला. आयुष्यात तशी कधी पाहिली नव्हती."

तो गेला. जाताजाता वायरलेसवर बोलला, "टिबेट्सांकडे कोणी नाही. गाडी नाही. गावात गेले असतील."

त्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास होता. म्हणून त्या रात्री तिकडे कोणी फिरकलंच नाही.

सकाळी त्यांची गाडी दूरच्या शेतात उडून पडलेली सापडली, तेव्हा लोकांनी ते झाड हलवलं. त्याच्याखाली तळघराचं दार होतं. रात्रभर पाऊस झाला होता. पाणी आत भरत गेलं होतं... दोघं दाराला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या पायरीवर सापडली.

दाराला आतून कुठे कुठे रक्त लागलं होतं.

"पत्रा नव्हता तो," अर्लन म्हणाला. "आणि खरं सांगू? मला तेव्हाही माहीत होतं."

लोकांनी त्याला दोष दिला नाही. देणार कसा? त्याने काय ऐकलं, ते कोणाला माहीत होतं? उलट त्याचं सांत्वन केलं. ते त्याला जास्त लागलं. वर्षभर तो टिबेट्सांच्या रस्त्याने गेला नाही.

म्हणून त्या दिवशी गाडी मी चालवत होते.

गावाच्या पश्चिमेला ढग भिंतीसारखा खाली उतरला. सावकाश फिरायला लागला. अर्लनने लगेच कळवलं. दूरवर भोंगा वाजू लागला. त्याने गळ्यातला कॅमेरा काढून मागे टाकला.

"आता दक्षिणेला घे. लवकर."

दक्षिणेच्या रस्त्यावर विजेचे खांब आडवे पडले होते. मागे गारांचा पांढरा पडदा. उरला एकच कच्चा रस्ता.

"तो नको," अर्लन म्हणाला.

"दुसरा कुठला आहे? बोल ना!"

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मी गाडी वळवली.

टिबेट्सांच्या फाटकापासून थोडं पुढे गेलो आणि चिखलात चाक गेलं. गाडी घसरून चरात पडली. पुढे जाईना, मागे येईना.

आम्ही उतरलो. आजूबाजूला नुसतं गवत आणि तो रिकामा चौथरा. घर नाही, झाड नाही, पवनचक्की नाही. सगळा ढिगारा केव्हाच उचलून नेलेला.

मग वारा पडला.

एकदम पडला. बेडूक गप्प झाले. गवताचं पातं हलेना.

पावसाच्या पडद्यात काहीतरी काळं, रुंद, आमच्याकडे सरकत होतं. सोंड नव्हतीच ती. आभाळच जमिनीवर टेकलं होतं.

"चरात आडवी हो!" अर्लन ओरडला.

आणि तेवढ्यात...

ठक. ठक ठक.

अर्लनचा चेहरा राखेसारखा झाला. "तुला... तुला येतोय ऐकू?"

मला येत होता. पायाखालून येत होता.

आपटायला तिथे काहीही नव्हतं. तरी आवाज येत होता... चौथऱ्याच्या पलीकडून, जमिनीतून.

अर्लन पळत सुटला. मी त्याच्या मागे. गवतात उतरतं लाकडी दार होतं. जुनं, हिरव्या रंगाचं.

दार किंचित उघडं होतं.

विचार करायला वेळ नव्हता. आम्ही आत उड्या टाकल्या. पायऱ्या निसरड्या. खाली घोट्यापर्यंत पाणी, बर्फासारखं गार. डोक्यावर दार धाडकन बंद झालं.

मिट्ट काळोख. ओल्या मातीचा वास... आणि त्यात शेपू आणि सिरक्याचा वास.

मग वरून ते आलं. कानांत दडे बसले. जमीन हादरत होती, दात हादरत होते. वारा दार उपटायला बघत होता. बिजागऱ्या किंचाळत होत्या. पण दार उघडलं नाही.

"घट्ट धर!" मी ओरडले. "दार सोडू नकोस!"

अर्लनचा आवाज माझ्या खालून आला. पाण्यातून.

"मी कुठे धरलंय? मला वाटलं तू धरलंयस..."

माझा हात पायरीवर होता. दोन्ही हात.

हळूहळू वरचा गडगडाट दूर गेला. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा ठोठावणं सुरू झालं.

आतून. आमच्या डोक्याशी. दारावर कोणीतरी मूठ आपटत होतं, आणि ते कोणीतरी आमच्याबरोबर त्या काळोखात उभं होतं. मी हात लांब केला. हाताला काही लागलं नाही.

पाणी गुडघ्याला आलं.

ठक ठक ठक. जोरात, घाईने. मग थोडं थांबून. मग पुन्हा.

मी दाराला खांदा लावला. हललं नाही. वर झाड पडावं तसं जड.

पाणी कमरेला आलं. ठोठावणं मंद होत गेलं. मध्ये मध्ये गप्प. मग एकच... ठक.

अर्लन लहान मुलासारखा रडत होता. "मी ऐकलं होतं, मावशी. मी ऐकलं होतं. पत्रा नाही वाटला मला. मी ऐकलं होतं..."

कितीतरी वेळ. मग आवाज पूर्ण थांबला.

त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

दार आपोआप उघडलं. वर स्वच्छ ऊन होतं.

आम्ही मागे न बघता रस्त्यापर्यंत धावलो. एका शेजाऱ्याने गाडीत घेतलं. कमरेपर्यंत ओले, नखांत माती. आमची पिकअप अर्ध्या मैलावर गव्हात चाकं वर करून पडली होती. चरात आडवे झालो असतो तर आम्हीही तिथेच कुठेतरी सापडलो असतो.

दुसऱ्या दिवशी अर्लन म्हणाला, "रोवेनाला सांगायचं. सगळं."

रोवेना म्हणजे टिबेट्सांची मुलगी. गावातच राहते. तिने आम्हाला व्हरांड्यात बसवलं, समोर आइस्ड टी ठेवला. अर्लनने काही लपवलं नाही. फाटक, आवाज, वायरलेसवरचं त्याचं बोलणं. मग कालचं तळघर.

तिने उठून किल्ल्या घेतल्या. मग म्हणाली, "चला, गाडीत बसा."

तिने आम्हाला शेतावर नेलं. चौथऱ्याच्या पलीकडे उभं केलं.

सपाट जमीन. त्यावर गुडघाभर गवत.

"ते तळघर मी गेल्या ऑक्टोबरात बुजवलं," रोवेना म्हणाली. "सात-आठ ट्रक माती टाकली. दार मी स्वतः जाळलं."

मी गुडघ्यावर बसून गवत चाचपलं. मुळं घट्ट होती. कुठे भेग नाही, फट नाही.

अर्लन तसाच उभा होता. "रोवेना, मला माफ—"

"माफी तू माझ्याकडे मागू नकोस." तिचा आवाज चढला नाही. "तू ऐकून निघून गेलास. तरी आईने तुला आत घेतलं. मी नसतं घेतलं, अर्लन."

ती एकटीच गाडीत बसली आणि गेली. आम्ही चालत आलो.

उलटलेल्या गाडीतून कॅमेरा शाबूत निघाला होता; अर्लनने तो विकला. वायरलेस ठेवलाय. आता वादळ गेलं की तो त्याच्या मागे जात नाही. पडलेल्या प्रत्येक घरापाशी उतरतो, इंजिन बंद करतो आणि उभा राहतो. लोक म्हणतात, अर्लन किती काळजीने बघतो. तो मान खाली घालतो.

परवा ज्युडिथ मला म्हणाली, "देवाचीच कृपा. थेल्माने वाचवलं तुम्हाला."

मी हो म्हटलं.

पण वादळ तर कधीच निघून गेलं होतं. थेल्मामावशीला दार तेव्हाच उघडता आलं असतं. तरी आम्हाला आत ठेवलं... शेवटचा ठोका पडेपर्यंत ठेवलं.

तिने आम्हाला वाचवायला आत घेतलं, की अर्लनला ते सगळं ऐकवायला?

अर्लनला मी हे विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.